भाचीची अकरावी: गावातच ठेवावी की अकोल्याला धाडावी?

पऱ्हाटीवाला | रविवार, स. १०:२०

नमस्कार मंडळी. मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, घाटंजी तालुक्यातला. पोटापाण्यासाठी सध्या पुण्यात. प्रश्न भाचीचा आहे.

दहावीला तिला ८८ टक्के पडले, गणितात ९४. गावातल्याच शाळेतून. शाळेला जोडून अकरावी-बारावी आहे, सायन्स मागाहून निघालं, तेही विनाअनुदानित. गेल्या साली अकरावी सायन्सच्या पटावर ३१ पोरं होती आणि वर्गात बसणारी नऊ. बाकीची नावापुरती. राहतात अकोल्याला नाहीतर नागपूरला क्लासच्या होस्टेलात, प्रॅक्टिकलला आणि परीक्षेला तेवढी गावात उगवतात.

भाऊजींकडं सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मे महिन्यात एका क्लासवाल्यानं हनुमानाच्या पारावर सभा घेतली. पडदा लावून पांढरे कोट घातलेल्या पोरांचे फोटो दाखवले आणि दोन वर्षांचे होस्टेलसकट दोन लाख साठ हजार सांगितले. भाऊजी आता एक एकर विकायला काढायचं म्हणताहेत. ताई म्हणते, पोरगी डोळ्यासमोर असू दे. घरात दोघंही एकमेकांशी धड बोलत नाहीत. भाचीला विचारलं तर म्हणाली, "मामा, आधी तुम्ही सगळे भांडून घ्या, मग मला सांगा."

मी याच शाळेतून दहावी झालो, पण त्याला वीस वर्षं झाली. तेव्हा प्रश्नच नव्हता, तालुक्याच्या कॉलेजात जायचं आणि बस चुकली की ट्रकला हात दाखवायचा. आता काय करावं ते ज्यांची पोरं अलीकडं यातून गेली त्यांनी सांगा.

दारव्हेकर | स. १०:४१

वावर इकू नका बाप्पा. बाकीचं मंग बोलू.

संत्रा_बर्फी | स. ११:१५

दारव्हेकरांना +१.

आमचं सांगते. आम्ही वर्धा जिल्ह्यातले. मुलाला दहावीला ९१ होते. आम्ही त्याला नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला ठेवलं, दोन वर्षं आणि मग एक वर्ष ड्रॉप. तिथं दर पंधरा दिवसांनी टेस्ट व्हायची आणि मार्कांवरून बॅच बदलायची. वरच्या बॅचला नावाजलेले सर, खालच्या बॅचला आदल्या साली तिथंच शिकून गेलेली पोरं शिकवायची. आमचा मुलगा तिसऱ्या महिन्यात खालच्या बॅचला गेला आणि हे आम्हाला कळलं दीड वर्षानं. रोज रात्री फोनवर एकच वाक्य, "हो आई, जेवलो." मीही तेवढंच विचारायचे म्हणा.

आता तो बी.फार्म. करतोय आणि बरा आहे. पण त्या होस्टेलच्या खोलीत चार कॉट होत्या आणि खिडकी एक, तीही जिन्यात उघडणारी. तुम्ही ठेवणारच असाल तर सभेतला पडदा बघून ठरवू नका. खोली बघा आणि खालच्या बॅचला कोण शिकवतं ते विचारा.

रिकामटेकडा | स. ११:३०

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

खडूफळा | दु. १२:५०

मी असल्याच एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. जिल्हा तुमचा नाही, चित्र तेच. जरा लांबण लागेल.

आधी प्रवेशाचं. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, पूर्वी ते मोठ्या शहरांपुरते होते. एक ते दहा कॉलेजं पसंतीनं भरायची. पहिल्या पसंतीचं लागलं आणि घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. त्यामुळं फॉर्म भरताना पोरीनं स्वतः पडद्यासमोर बसावं. आमच्या एका पोरीला नेट कॅफेवाल्यानं साठ किलोमीटरवरचं कॉलेज एक नंबरला टाकून दिलं होतं. का, तर यादीत ते वर दिसलं.

आता क्लास. इंजिनिअरिंगची आणि कृषीची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, गावात बसून होते, हे मी डोळ्यानं पाहिलंय. पीसीएमचा (फिजिक्स-केमिस्ट्री-गणित) पेपर २०० मार्कांचा. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास एकेका मार्काचे, आणि चुकीला मार्क कापत नाहीत. साधारण २० टक्के अकरावीचं आणि ८० टक्के बारावीचं येतं. म्हणजे जिचं गणित पक्कं तिनं अर्धा पेपर तिथंच मारला. नीट वेगळं जनावर आहे. १८० प्रश्न, ७२० मार्क, चूक झाली की एक कापला, आणि राज्याच्या सरकारी जागांसाठी सगळा महाराष्ट्र एका रांगेत. विदर्भ-मराठवाड्याचा ७०:३० चा जुना हिशेब, म्हणजे ७० टक्के जागा आपापल्या विभागातल्या पोरांना, तो २०२० साली गेला. तिथं गावात एकट्यानं निभावणं जड जातं, हे मी आपल्या कॉलेजची बाजू घेऊनही नाकारत नाही.

नावापुरत्या प्रवेशाबद्दल एक गोष्ट क्लासवाले सांगत नाहीत. इंजिनिअरिंगला बारावी जिथून पास झाली त्यावरून होम युनिव्हर्सिटी ठरते. आपल्या यवतमाळकडची पोरगी अमरावती विद्यापीठाच्या हद्दीत येते. तिचं नाव कुणी लातूर-पुण्याच्या कॉलेजात घातलं आणि बारावी तिथून झाली, तर ती कागदावर तिकडची झाली. मग इकडच्या कॉलेजांतल्या होम युनिव्हर्सिटीच्या जागांवर तिचा हक्क राहत नाही. अकोल्याला ही अडचण नाही, तेही अमरावती विद्यापीठातच.

आणि आमच्यासारख्या कॉलेजचं खरं सांगायचं तर प्रयोगशाळा आहे, तिला कुलूप असतं. व्हर्निअर दोन, त्यातलं एक अडकतं. बायोलॉजीला या साली माणूस नाही. दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली की वर्ग अर्धा. पोरं वेचायला जातात आणि मी त्यांना रागावू शकत नाही, कारण मजूर मिळत नाही हे मलाही माहीत आहे. पण नऊ पोरांच्या वर्गात मला प्रत्येकाची वही पाठ असते. कुणाचं कुठं अडलं हे मी न बघता सांगतो. क्लासमध्ये दीडशेत ते व्हायचं नाही.

तर त्या कॉलेजात शिकवणारा माणूस आहे का, रोज येतो का, एवढं बघा. नसेल तर गाव सोडा. याला दुसरा पर्याय मला तरी दिसत नाही.

दारव्हेकर | दु. १:०५

सर, दोन व्हर्निअर म्हंजे श्रीमंत कॉलेज हाय तुमचं.

निळी_बस | दु. २:३२

मामा, सगळं वाचलं. एक विचारू? पोरीला गणितात ९४ आहेत आणि क्लासवाला पांढऱ्या कोटाचे फोटो दाखवून गेला. नीटला गणित लागतच नाही. मग ते ९४ कुठं जाणार?

मी आर्णी तालुक्यातली. गावात दहावी, मग तालुक्याला अकरावी-बारावी. सरकारच्या मानव विकास योजनेच्या निळ्या एसटी बसनं जायचे, मुलींना तिकीट नाही. पण ती बस शाळेच्या दिवशीच धावते. सुट्टीतल्या जादा तासाला जायचं तर आपलं आपण बघायचं. आमचे गणिताचे सर रविवारी तास घ्यायचे. तेव्हा बाबा मला डांबरी रस्त्यापर्यंत मोटरसायकलनं सोडत आणि वावरात जात. परत येताना कितीदा तरी दोन-दोन तास फाट्यावर बसले आहे. फाट्यावरच्या चहावाल्या काकूंनी मला एक उलटं पिंप दिलं होतं बसायला. मी तिथं बसून गणितं सोडवायचे आणि काकू "पोरगी काय लिहून राहिली" म्हणून गिऱ्हाइकांना दाखवायच्या.

क्लास लावला नाही. लावला असता तर कदाचित अजून वीस मार्क आले असते, कुणास ठाऊक. सीईटीतून अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकीत लागले, कठोरा नाक्याला. इन्स्ट्रुमेंटेशन. आता दुसरं वर्ष संपलं.

पैशाचं आमच्या घरी फार टेन्शन होतं, म्हणून हे नीट वाचा. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. पण प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे. कॉलेजच्या पातळीवरची नाहीतर मॅनेजमेंटची जागा घेतली की माफी गेली. गावोगाव एजंट फिरतात, "सीट पक्की करून देतो" म्हणतात, त्यात ही मेख असते. माझ्या मैत्रिणीच्या घरच्यांनी घाबरून ऑगस्टमध्येच अशी सीट घेतली. पुढच्या फेरीत तिला त्याच शहरात माफीत मिळाली असती.

होस्टेल आणि मेस मात्र आपलं आपल्याला. त्याला डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, महाडीबीटी या सरकारी साइटवर अर्ज करायचा. उशिरा येतो, त्यावर महिना काढता येत नाही.

पहिला महिना वाईट जातो. लेक्चर इंग्रजीत. मला उत्तर येत असायचं पण तोंडातून वाक्य निघायचं नाही. पहिल्या व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला मी "सर मराठीत सांगू का" म्हटलं. सर म्हणाले, "सांग न, प्रवाह काय मराठीत वाहत नाही का?" बाहेर येऊन रडले तरी. नंतर कळलं की आमच्या मजल्यावरच्या सोळापैकी अकरा जणी अशाच कुठल्यातरी खेड्यातून आलेल्या.

धुऱ्यावरून | दु. ३:१०

कुणी कृषीचं बोललंच नाही. मी अकोल्याला पी.के.व्ही.ला, म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठात, बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला. पीसीएम असो की पीसीबी (गणिताऐवजी बायोलॉजी), सीईटीवर लागते. शेतकऱ्याच्या पोराला सातबाऱ्याचा जादा गुणभार मिळतो. तेव्हा भाऊजींना सांगा, वावर विकायच्या आधी त्या सातबाऱ्याला मार्क आहेत हे ध्यानात घ्या :)

आमच्या बॅचला निम्म्याहून जास्त पोरं पहिल्या वर्षापासून स्पर्धा परीक्षेचीच पुस्तकं घेऊन बसतात हेही सांगतो. शेती शिकायला आलेला मी एकटाच आहे असं कधीकधी वाटतं. नागपूरला महाराजबागेजवळचं कॉलेज पण याच विद्यापीठाचं, १९०६ सालचं. शहरात राहून शेती शिकायची तर ते.

झाडीपट्टी | सायं. ५:४५

गडचिरोलीहून. तुमच्याकडं निळी बस तरी आहे. आमच्याकडं पावसाळ्यात नाल्याला पूर आला की कॉलेज आठवडाभर बंद समजायचं. आमचं विद्यापीठही २०११ सालचं, त्याआधी कागदाच्या एका सहीसाठी नागपूर.

इथं बारावी झाली की पोरं पहाटे रस्त्यानं धावताना दिसतात. पोलीस भरती. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, गोळाफेक. माझी बहीण दोन वर्षं धावली, तिसऱ्या वेळी लागली. मी स्वतः दहावीनंतर पॉलिटेक्निक केलं, तीन वर्षं, मग थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. अकरावी-बारावीची सगळी कटकटच नाही. गणित चांगलं असलेल्या पोरीला हा रस्ता कुणी का सांगत नाही कळत नाही. डिप्लोमा म्हणजे नापासांचं, असं अजून आपल्या गावात डोक्यात आहे.

खडूफळा | रात्री ९:२०

निळी_बसचा प्रतिसाद प्रिंट काढून वर्गात लावणार आहे. परवानगी असावी.

दुपारी सगळ्यात महत्त्वाचं राहून गेलं. कागदं.

माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत अभ्यास कमी पडला म्हणून अडलेली पोरं आहेत, पण कागद कमी पडला म्हणून अडलेली जास्त. आरक्षणातून व्यावसायिक प्रवेश घ्यायचा तर जात प्रमाणपत्र पुरत नाही, जात पडताळणीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याला जुना पुरावा पाहिजे. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल, कोतवाल बुकातली जन्माची नोंद. आजोबा शाळेतच गेले नसतील तर कोतवाल बुक हाच आधार, आणि ती नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावी लागते. तिथला बाबू म्हणतो सोमवारी या, सोमवारी म्हणतो वाळवी लागली.

नोंद सापडली तरी नावाचा घोळ. एका ठिकाणी चंपत, दुसऱ्या ठिकाणी चंपतराव, तिसऱ्या ठिकाणी आडनावच नाही. मग प्रतिज्ञापत्र, वंशावळ.

हे सगळं बारावीच्या निकालानंतर जून-जुलैत करायला गेलं की आपल्याकडं पेरणी असते. बाप वावरात, पोरगी एकटी तहसीलच्या रांगेत. म्हणून मी अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात पोरांना भौतिक राशी आणि एककं शिकवायच्या आधी एक काम देतो, घरातल्या ट्रंका उघडा आणि आजोबांचं नाव कुठं काय लिहिलंय ते वहीत उतरवून आणा. सायन्सच्या पोरांचा पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत जातो, तो अकरावीतच पाठवतो. नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला यांना मुदत असते, ते त्या-त्या वेळी. अधिवास एकदाच.

तुमच्या भाचीचं हे झालंय का?

पऱ्हाटीवाला | रात्री १०:०२

सर, नाही झालं. आम्ही कुणबी, ओबीसी. भाऊजींना आत्ताच फोन केला. म्हणाले, "जातीचा दाखला हाय न, अजून काय पाह्यजे?" क्लासच्या दोन लाख साठ हजाराचा हिशेब त्यांना तोंडपाठ आहे आणि हे त्यांनी ऐकलंही नव्हतं. मीसुद्धा नव्हतं ऐकलं, उगाच त्यांना कशाला नावं ठेवू. मी कॉमर्सला होतो आणि आमच्या वेळी हे सगळं आईनं न सांगता केलं असावं.

संत्रा_बर्फी | रात्री १०:३०

ताईंना विचारा. ट्रंकेची किल्ली त्यांच्याकडंच असेल.

पऱ्हाटीवाला | तेरा दिवसांनी, शनिवार, रात्री ८:१५

धागा वर काढतोय.

गावी जाऊन आलो. रोहिणी कोरडीच गेली, मृगात एक सर आली तेवढीच, उन्हानं जीव नकोसा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाला उघडतात ते उगाच नाही.

ट्रंक उघडली. ताईकडंच होती किल्ली. भाचीच्या पणजोबांचा १९४८ सालचा शाळेचा दाखला निघाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आत कडुनिंबाचा वाळका पाला. नाव "नथ्थु", आणि सातबाऱ्यावर "नत्थूजी". जात स्पष्ट वाचता येते. शाळेत त्याच रजिस्टरची नक्कल मागितली आहे.

मग कॉलेजात गेलो. खडूफळा सरांनी सांगितल्याप्रमाणं एवढंच विचारलं, शिकवणारा कोण आणि रोज येतो का. गणिताच्या मॅडम यवतमाळहून रोज येतात, आठ वर्षं झाली, पगार अजून अनुदानावर आलेला नाही. फिजिक्सचे सर गावातलेच. केमिस्ट्रीला जागा रिकामी, जाहिरात काढू म्हणाले. बायोलॉजीचे सर आहेत पण त्यांच्याकडं लायब्ररी, एनएसएस आणि खिचडीचा हिशेब पण आहे. मॅडमनी भाचीला फळ्यापाशी बोलावून एक गणित दिलं. दोघी मिळून वीस मिनिटं त्याच्यावर होत्या आणि मी बाकावर बसून घाम पुसत होतो. माझ्याकडं दोघींनी बघितलंही नाही.

अकरावी गावात, गणित घेऊन. एक नंबरला गावचं कॉलेज टाकलं, फॉर्म तिनंच भरला. केमिस्ट्रीला माणूस नाही मिळाला तर दिवाळीनंतर यवतमाळला शनिवार-रविवारची शिकवणी बघू. भाऊजी पूर्ण राजी नाहीत. क्लासवाल्याचा अजून फोन येतो त्यांना, "सीट ठेवली आहे" म्हणून. परवा त्यांनी त्याला विचारलं म्हणे, "खालच्या बॅचले कोन शिकवते?" त्यानं फोन ठेवला.

पॉलिटेक्निकचंही तिच्यासमोर मांडलं होतं. ती म्हणाली आधी बारावी. झाडीपट्टी, तुमचं नाव घेऊन सांगितलं होतं बरं का.

निळी_बस, तिनं तुझा प्रतिसाद माझ्या फोनवर चारदा वाचला. तिला विचारायचंय की होस्टेलात पंखा चालतो का, आणि मुलींना इन्स्ट्रुमेंटेशनला नोकरी देतात का. याच क्रमानं विचारलंय.

निळी_बस | रात्री ९:४०

पंखा चालतो, रेग्युलेटर चालत नाही. एकतर बंद नाहीतर पाचवर.

नोकरीचं मला दोन वर्षांनी विचार, तेव्हा मी स्वतःवरून सांगेन. माझ्या सीनियर ताई लागल्या आहेत, दोघी पुण्यात आणि एक औरंगाबादकडं.

अकरावीची पुस्तकं घेऊ नका, माझी तशीच पडली आहेत. भाऊ बाजारच्या दिवशी घाटंजीला येतो, स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी कुणी येऊन घ्या. गणिताच्या भाग दोनची मधली काही पानं उंदरानं खाल्लीत, ती बालभारतीच्या साइटवरून उतरवून घे.